गरोदरपणात खोकताना-शिंकताना लघवी सुटते तेव्हा

फोडणीत मिरच्या पडतात, ठसका लागतो आणि त्या एका ठसक्यासरशी आतले कपडे ओले होतात. सहावा-सातवा महिना चालू असलेल्या पुष्कळ बायकांना हे ओळखीचं आहे. कुणाला मोठ्याने हसताना, कुणाला एसटीची उंच पायरी उतरताना, कुणाला पहिल्या लेकराला कडेवर घेताना. कधी दोनच थेंब जातात, कधी कपडे बदलावे लागतात.

तपासणीला गेल्यावर वजन, बीपी, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी या सगळ्यांवर बोलणं होतं. हे मात्र बाई सांगत नाही आणि समोरूनही सहसा कुणी विचारत नाही. घरी सांगितलंच तर "होतं गं असं, बाळंत झालीस की जाईल" एवढ्यावर विषय मिटतो. "होतं असं" हे खरं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीत तीनपैकी एकीहून जास्त बायकांची लघवी कधी ना कधी नकळत सुटते. "बाळंत झालीस की जाईल" हे मात्र अर्धंच खरं. बऱ्याच जणींचा त्रास बाळंतपणानंतर कमी होतो, पण गरोदरपणी ज्यांची लघवी सुटते त्यांना तो पुढेही राहण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणून उपाय आत्ताच, पोटात बाळ असतानाच सुरू करायचे. त्यातले बहुतेक बिनखर्चाचे आहेत.

आधी खात्री करा की ती लघवीच आहे

या लेखातलं एकच काही वाचायला वेळ असेल तर हा भाग वाचा. शेवटच्या महिन्यांत खालून ओलं लागण्याची मुख्य कारणं तीन: लघवी, अंगावरून जाणारं पांढरं आणि गर्भजल. गर्भजल जात असेल तर ते तातडीचं असतं, आणि "लघवीच असेल" असं समजून दोन-दोन दिवस घरी बसून राहण्याने बाळाला आणि आईला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

शंका आली की असं करा. लघवीला जाऊन या. बिनवासाचं, पांढरं, कोरडं पॅड लावा. अर्धा तास कुशीवर पडून राहा, मग उठून उभ्या राहा आणि पॅड नीट बघा.

लघवी असेल तर डाग पिवळसर असतो, वास लगेच ओळखू येतो आणि बहुतेक वेळा ती खोकल्याशी किंवा हालचालीशी जोडलेली असते. पांढरं असेल तर ते चिकट, दाटसर असतं आणि पॅडच्या वरच राहतं. गर्भजल पाण्यासारखं पातळ असतं, रंग नसतो किंवा अगदी फिकट असतो, लघवीचा वास येत नाही. मुख्य म्हणजे ते थांबत नाही. पडून उठलं की एकदम येतं, पॅड बदललं तरी नवं भिजतं, आणि कितीही आवळून धरलं तरी आवरत नाही.

ही घरगुती परीक्षा आहे, पक्का निकाल डॉक्टरच तपासून देतील. गर्भजलाचा नुसता संशय आला तरी दवाखाना गाठायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. जाताना ते पॅड पिशवीत घालून सोबत न्या. पाण्याला हिरवट किंवा तपकिरी रंग असेल, रक्त असेल, ताप असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल किंवा ३७ आठवडे पूर्ण व्हायचे असतील, तर एक मिनिटही थांबू नका. १०८ ला फोन करा. तपासून "काही नाही, लघवी होती" असं निघालं तर उत्तमच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्यावरून कुणी बोललंच, तर चूक बोलणाऱ्याची.

मग तीन दिवस वहीत लिहा

लघवीच आहे हे कळलं, आता ती कधी सुटते ते बघायचं. सलग तीन दिवस एका कागदावर वेळ टाकून नोंद ठेवा: काय आणि किती प्यायलात, लघवीला किती वाजता गेलात, कधी सुटली, तेव्हा काय करत होतात. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल. कामावर जाणाऱ्यांनी तीनपैकी एक दिवस सुट्टीचा धरावा, कारण घरचं आणि ऑफिसमधलं वेळापत्रक वेगळं असतं.

तीन दिवसांत चित्र स्पष्ट होतं. खोकला, शिंक, हसणं, वाकणं, वजन उचलणं अशा वेळी थोडी थोडी जात असेल तर तो दाबाचा त्रास. गरोदरपणात हाच सर्वांत जास्त दिसतो. अचानक जोराची कळ येते, नळाचं पाणी ऐकलं किंवा घराच्या दारात किल्ली लावली की धीर निघत नाही आणि संडासापर्यंत पोहोचायच्या आत सुटते, तर तो घाईचा त्रास. काहींना दोन्ही असतात. दाबाच्या त्रासाला व्यायाम जास्त लागू पडतो आणि घाईच्या त्रासाला मूत्राशयाला वळण लावावं लागतं, म्हणून ही नोंद.

नुसतं वारंवार लघवीला जावं लागणं हा या दोन्हींपेक्षा वेगळा प्रकार. पहिल्या तीन महिन्यांत मूत्रपिंडांकडे रक्त जास्त जाऊ लागतं, लघवी जास्त तयार होते. शेवटी बाळाचं डोकं खाली सरकतं आणि मूत्राशय दाबला जातो. रात्री दोन-तीनदा उठणं हे या दिवसांत धरूनच चालायचं. पण त्यासोबत सारखी तहान लागत असेल तर साखर तपासून घ्या.

का सुटते, थोडक्यात

पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्यावर टेकलेले असतात आणि लघवीची वाट बंद ठेवायला तीच मदत करते. गरोदरपणी संप्रेरकांमुळे तिथले स्नायू आणि स्नायुबंध सैल पडतात, वरून गर्भाशयाचं वजन वाढत जातं. त्यात खोकला आला की पोटातला दाब एकदम वाढतो आणि वाट क्षणभर उघडते. आधीचं योनिमार्गे बाळंतपण, जास्त वजन, जुनाट बद्धकोष्ठता, दमा किंवा सततचा खोकला, आई-बहिणीला हाच त्रास असणं, यांनी शक्यता वाढते. पहिलटकरणींनाही होतो.

व्यायाम: नेमका कुठला स्नायू, नेमका कसा

१९४८ साली अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी हे व्यायाम मांडले, म्हणून दवाखान्यात "केगेल करा" असं सांगतात. सांगतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. कसे करायचे हे दाखवायला कुणाकडे वेळ नसतो, मग घरी जाऊन बाई पोट आवळते, नाहीतर नितंब. महिनाभर चुकीचा व्यायाम करून "मला काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या बायका म्हणूनच इतक्या भेटतात. तेव्हा हे सावकाश वाचा आणि वाचता वाचताच करून बघा.

लाकडी खुर्चीवर किंवा पाटावर ताठ बसा. पाय थोडे फाकवून, तळवे जमिनीला टेकलेले, मांड्या ढिल्या. आता कल्पना करा की चारचौघांत बसलात आणि वारा सरणार आहे. तो रोखायला गुदद्वार जसं आत-वर खेचाल तसं खेचा. ते धरून ठेवत तोच ताण पुढे, लघवीच्या जागेपर्यंत न्या. आतून वर उचलल्यासारखं वाटलं पाहिजे. खाली ढकलल्यासारखं वाटत असेल तर उलटं होतंय. थांबा आणि पुन्हा सुरुवात करा.

एक हात पोटावर, दुसरा नितंबाखाली ठेवून तपासा. बेंबीच्या खालचा भाग किंचित आत गेला तर ठीक. वरचं पोट टणक झालं, नितंब आवळले, मांड्या एकमेकींकडे आल्या किंवा श्वास अडकला, तर जोर भलतीकडे लागतोय. श्वासाची सोपी खूण अशी: आवळून धरलेलं असताना मोठ्याने आकडे मोजता आले पाहिजेत.

जमत नसेल तर कुशीवर झोपून करा, तेव्हा झोळीवर वजन नसतं. पाचव्या महिन्यानंतर पाठीवर उताणं फार वेळ पडायचं नाही, डावी कूस बरी.

जागा सापडली की रोजचा क्रम असा:

१. आवळा, तीन आकडे मोजेपर्यंत धरा, मग पूर्ण सोडा. तेवढाच वेळ विश्रांती. हळूहळू आठ-दहा आकड्यांपर्यंत न्या.
२. असं एका वेळी किमान आठदा.
३. त्यानंतर लगेच आवळा-सोडा, आवळा-सोडा असं भराभर आठ-दहा वेळा. शिंक क्षणात येते, तिच्यासाठी हा वेग लागतो.
४. हे सगळं दिवसातून तीनदा.

"पूर्ण सोडा" यावर माझा जास्त भर आहे. आवळण्याइतकंच सोडणंही शिकायचं असतं, बाळ बाहेर येताना तेच उपयोगी पडतं. स्नायू घट्ट झाले की बाळंतपण अडतं, अशी भीती काही सासवा-आया घालतात. अभ्यासांत तसं आढळलेलं नाही.

योगवर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा शिकलेल्यांना हे लवकर साधतं, आकुंचन त्याच भागातलं असतं. फक्त गरोदरपणी श्वास कोंडून करायचं नाही. आणि लघवी करता करता मध्येच धार रोखण्याचा "व्यायाम" रोज करू नये. त्याने मूत्राशय नीट रिकामा होत नाही. स्नायू कुठला हे कळायला एकदा करून पाहिलं तर पाहिलं, तेवढंच.

आठवण राहण्यासाठी वेळा ठरलेल्या कामांना बांधा: सकाळचा चहा उकळेपर्यंत एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा, रात्री अंथरुणावर पडल्यावर एकदा. मुंबईच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेही होतो, शेजारणीला कळतही नाही. फरक जाणवायला दीड ते तीन महिने लागतात, म्हणून आठ दिवसांत सोडून देऊ नका. ज्यांना अजून त्रास सुरू झालेला नाही त्यांनी हा व्यायाम लवकर सुरू केला, तर शेवटच्या महिन्यांत लघवी सुटण्याचा धोका बराच कमी होतो, याला चांगला पुरावा आहे. रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

ठसक्याच्या आधी अर्धा क्षण

व्यायामाचा परिणाम दिसायला वेळ लागतो, पण ही युक्ती जमली की लगेच उपयोगी पडते. खोकला किंवा शिंक येणार असं वाटलं की ती यायच्या आधी खालचा स्नायू आवळा आणि शिंक संपेपर्यंत धरून ठेवा. उभ्या असाल तर ओट्याला हात टेका, पाठ सरळ ठेवा. वाकून शिंकलं की पोटातला दाब थेट खाली जातो. मुद्दाम हलकं खोकून दिवसातून पाच-सहा वेळा सराव केला की काही दिवसांनी आपोआप घडू लागतं.

कळशी, बादली, गॅसची टाकी, तीन वर्षांचं मूल, काहीही उचलताना हेच. गुडघ्यात वाका, वस्तू अंगाजवळ आणा, आवळा, आणि श्वास सोडत उठा. खरं तर भरलेला हंडा आणि गॅसची टाकी या दिवसांत घरातल्या दुसऱ्या कुणी उचलावी. ते सांगायला जड जात असेल तर तपासणीला जाताना नवऱ्याला किंवा सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांच्यादेखत डॉक्टरांना विचारा, "वजन उचललं तर चालेल का?"

पाणी तोडू नका

लघवी सुटते म्हणून पाणी कमी पिणं हा बायकांचा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात चुकीचा उपाय. शाळेत, शेतावर, बाजारात, प्रवासात बायका दिवस-दिवस घोटभर पाण्यावर काढतात. त्याने लघवी दाट होते, मूत्राशयाची चुरचुर वाढते, कळ लवकर येते, मलावरोध होतो आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो. दिवसभरात आठ-दहा पेले पाणी थोडं थोडं करून प्या, उन्हाळ्यात त्याहून जास्त. लघवीचा रंग फिकट पिवळा राहिला की पुरेसं चाललंय असं समजा.

कमी करायचा तो चहा. कॉफी आणि कोला पेयंही त्यातच आली. कॅफीनमुळे घाईचा त्रास वाढतो. दिवसभरात २०० मिलिग्रॅमच्या आत राहा, असा गरोदर बायकांना सर्वसाधारण सल्ला असतो. पाव्हणे आले की घोट, शेजारीण आली की घोट, असा चहा होत असेल तर आधी दोन कपांवर या. झोपण्याआधी दोन तास पिणं कमी ठेवा. पायांना सूज असेल तर संध्याकाळी थोडा वेळ कुशीवर पडून पाय उशीवर घ्या. पायांत साठलेलं पाणी तेव्हाच लघवीवाटे निघतं, नाहीतर रात्री झोपेतून उठवतं.

घाईचा त्रास असणाऱ्यांनी वही काढावी. दर तासाला जावं लागत असेल तर पुढचे काही दिवस सव्वा तासाने जा, मग दीड तासाने, असं करत दोन-अडीच तासांवर आणा. कळ आली की धावत सुटू नका. जिथे आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा, पाच-सहा वेळा भराभर आवळा, कळ ओसरली की चालत जा. तीन तासांच्या वर मात्र गरोदरपणी रोखून धरू नका.

पोट साफ राहू द्या

संडासला कुंथण्याने झोळीवर रोज ताण येतो. दुसऱ्या तिमाहीपासून सरकारी दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या रोज सुरू होतात आणि त्यांनी पोट जड होतं, शौच काळी आणि घट्ट होते. म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालासकटची कडधान्यं, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका, आणि पाणी. तरी होत नसेल तर डॉक्टरांकडून औषध घ्या. जुलाबाची चूर्णं स्वतःच्या मनाने नकोत. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले की कुंथावं लागत नाही.

खोकल्याचंही तसंच. पावसाळ्यात लागलेला खोकला पंधरा दिवस अंगावर काढू नका. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर धूर हेही कारण असू शकतं.

बाहेर पडताना

मासिक पाळीचं पॅड रक्तासाठी बनवलेलं असतं, पातळ लघवी ते भरभर शोषत नाही. मेडिकलमध्ये लघवीसाठीची वेगळी पॅड मिळतात. महाग वाटली तर मऊ सुती कापडाच्या घड्या उत्तम, पण ओलं झालं की बदलायचं आणि धुऊन कडक उन्हात वाळवायचं. कपाटामागे लपवून वाळवलेल्या घडीनेच खाज आणि पुरळ उठतं. सुवासिक पावडर, योनी धुण्याची द्रावणं टाळा. साधं पाणी पुरे, आणि पुसायचं ते पुढून मागे. त्वचा चुरचुरत असेल तर धुऊन कोरडी करून खोबरेल तेलाचा हलका हात लावा.

पिशवीत एक चड्डी, दोन घड्या, एक प्लास्टिकची पिशवी ठेवली की निम्मी धास्ती कमी होते. निघताना एकदा जाऊन या. उरलेली धास्ती स्वच्छतागृहांची, आणि त्याला व्यायाम नाही. बायकांना मोफत, स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून मुंबईत २०११ साली "राईट टू पी" मोहीम सुरू झाली, तरी आजही कित्येक एसटी स्थानकांवर नाक दाबून जावं लागतं. ऊसतोडीच्या फडावर तर आडोसाही नसतो. तिथल्या गरोदर बाईला "दर दोन तासांनी जा" हे सांगणं सोपं आहे. तिने निदान अंधार पडायची वाट बघत दिवसभर रोखून धरू नये. सोबतीला एक जण घेऊन, साडीचा आडोसा करून जावं.

जंतुसंसर्ग आणि इतर धोक्याच्या खुणा

लघवी करताना जळजळ, गढूळ किंवा घाण वासाची लघवी, ओटीपोटात दुखणं, थेंब थेंब होणं, ही संसर्गाची लक्षणं. थंडी वाजून ताप आणि एका बाजूला कमरेच्या वर दुखणं म्हणजे तो मूत्रपिंडापर्यंत गेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना. गरोदरपणी काहींना कसलंच लक्षण नसताना लघवीत जंतू असतात आणि उपचार न झाल्यास ते वर चढतात, म्हणून लघवीची तपासणी टाळू नका. नमुना देताना जागा धुऊन पहिली धार सोडून द्यायची आणि मधली बाटलीत धरायची. जुन्या चिठ्ठीवरच्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेऊ नका, काही गरोदरपणात चालत नाहीत.

लघवी तुंबली आहे, पोट फुगलंय आणि नुसते थेंब गळतायत, असं झालं तर तेही तातडीचं. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा येऊन लघवी-संडासचं भान गेलं तरीही लगेच जा.

एरवी विचारायचं कुणाला? आशाताईंना, उपकेंद्रातल्या सिस्टरना. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात मोफत तपासणी असते, तिथे डॉक्टर भेटतात. "मला जरा त्रास होतो" असं मोघम म्हणू नका. "खोकल्यावर लघवी सुटते, दिवसातून इतक्या वेळा, दोन महिन्यांपासून" असं सांगा आणि वही पुढे करा. जिल्हा रुग्णालयात किंवा मोठ्या शहरात फिजिओथेरपिस्ट असेल तर तिच्याकडे चिठ्ठी मागा. स्नायू बरोबर आवळला जातोय का ते ती तपासून सांगते. यासाठीच्या गोळ्या गरोदरपणात शक्यतो देत नाहीत, आणि शस्त्रक्रियेचा विचार आत्ता नसतोच.

बाळंतपणानंतर

प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी झाली नाही तर सिस्टरना सांगा. कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलेलं असेल तर कळ जाणवत नाही आणि मूत्राशय नकळत तुंबतो. लघवीची नळी घातली असेल तर ती काढल्यावर, दुखत नसेल इतपत, हलकं आवळणं पुन्हा सुरू करता येतं. टाके असले तरी. सिझेरियनने हा त्रास काहीसा कमी दिसतो, पण पूर्ण टळत नाही, तेव्हा तेवढ्यासाठी सिझेरियन मागण्यात अर्थ नाही.

सव्वा महिन्यात दोन गोष्टींवरून घरात वाद होईल. बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही रीत सोडा. अंगावर पाजणाऱ्या आईला जास्तच पाणी लागतं. आणि पोट करकचून बांधू नका, तो दाब खालीही जातो. बांधायचंच तर श्वास मोकळा घेता येईल इतकं सैल.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीला बाळाचं वजन आणि लसीकरण यातच वेळ जातो. तिथे स्वतःहून विषय काढा. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही लघवी सुटत असेल, किंवा खाली काहीतरी उतरल्यासारखं जड वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून नीट तपासून घ्या.